जग्वारचे फोटो: नदीवरचे आणि जाळीमागचे

ब्राझीलमधल्या पांतानालच्या सहलीला नाव नोंदवलेल्या, आणि नोंदवू की नको या विचारात असलेल्या ग्राहकांसाठी

आमच्याकडे जग्वारची चौकशी करायला येणारे बहुतेक जण ताडोबा-पेंच करून आलेले असतात. वाघ झालेला असतो, बिबट्या झालेला असतो, कुणीकुणी कबिनीचा काळा बिबट्याही मिळवलेला असतो. मग पहिला प्रश्न ठरलेला: "जग्वार म्हणजे बिबट्याच ना, जरा जाडा?"

जाडा आहे हे खरं. डोकं मोठं, जबडा रुंद, पाय ठेंगणे, शेपूट आखूड. वाघ-सिंहांनंतर मांजरकुळात आकाराने त्याचाच नंबर लागतो. फोटोवरून ओळखायचा तर खांद्याजवळचा भाग मोठा करून बघा. बिबट्याच्या अंगावरची फुलं आतून रिकामी असतात, जग्वारच्या फुलांच्या आत बारीक ठिपके असतात. प्रत्येक जनावराची नक्षी वेगळी, म्हणून तिकडचे गाइड नुसत्या फोटोवरून मादीचं नाव सांगतात. जग्वार राहतो फक्त अमेरिका खंडांत. भारतात दिसला तर तो प्राणिसंग्रहालयातच. त्यामुळे या पत्रकात दोन्हीबद्दल लिहिलं आहे: नदीवरच्या जग्वारबद्दल जास्त, जाळीमागच्याबद्दल थोडं कमी.

कुठे जायचं, कधी जायचं

ब्राझीलच्या मातो ग्रोसो राज्यात कुयाबा हे शहर आहे. मुंबईहून साव पावलो, तिथून देशांतर्गत विमान. घराला कुलूप लावल्यापासून दीड दिवस तरी धरा. कुयाबाहून पोकोने हे गाव, आणि पोकोनेनंतर ट्रान्सपांतानेरा हा मातीचा रस्ता: सुमारे १४५ किलोमीटर, वाटेत शंभराहून अधिक पूल. पूर्वी बहुतेक लाकडी होते, आता एकेक करून काँक्रीटचे होत आहेत. हा रस्ता पार दक्षिणेपर्यंत न्यायचा बेत होता, पण पोर्तो जोफ्रेला नदीकाठी येऊन थांबला तो थांबलाच. तिथे गाव असं काही नाही. काही लॉज, बोटींचा धक्का आणि नदी. धूळ मात्र भरपूर, तेव्हा या रस्त्यावर लेन्स बदलायची नाही. कॅमेरा पिशवीत, पिशवीवर उशीचा अभ्रा. अभ्रा घरचा आणा, लॉजचा नको.

पांतानाल हा पावसाळ्यात पाण्याखाली जाणारा प्रचंड सपाट प्रदेश. पाऊस तिकडे साधारण नोव्हेंबर ते मार्च. जुलै ते ऑक्टोबर पाणी ओसरतं, केमन जातीच्या मगरी आणि कापिबारा (डुकराएवढा उंदीर म्हणा हवं तर) नदीकाठी गोळा होतात आणि त्यांच्यामागे जग्वार येतो. म्हणूनच इथे तो दिवसाढवळ्या काठावर फिरताना दिसतो. बाकी बऱ्याच ठिकाणी तो आपोआप टिपणाऱ्या कॅमेऱ्यांतच सापडतो.

आम्ही जुलैचा शेवटचा आठवडा ते ऑगस्ट धरतो. सप्टेंबरमध्येही जग्वार चांगला दिसतो, पण उकाडा चाळिशीला टेकतो आणि आगींचा धूर असू शकतो. २०२० साली तर पोर्तो जोफ्रेजवळच्या एन्कोंत्रो दास आग्वास उद्यानाचा बहुतेक भाग जळाला होता. धूर असला की सूर्य नुसता तांबडा गोळा होतो आणि सगळे फोटो मातकट येतात. संगणकावर बसून तो रंग निघत नाही, आम्ही पुष्कळ प्रयत्न केले आहेत. उलट मधूनच दक्षिणेकडून थंड वारा येतो आणि एका रात्रीत पारा वीस-पंचवीस अंशांनी खाली उतरतो. "ब्राझीलला कशाला स्वेटर?" म्हणणाऱ्यांना आम्ही बोटीत सतरंजी पांघरून बसलेलं पाहिलं आहे.

"काळा जग्वार मिळेल का?" नाही. काळे जग्वार घनदाट जंगलात असतात, अमेझॉनकडे. पांतानालच्या मोकळ्या मैदानांत तो मिळत नाही, आणि मिळेल असं कुणी सांगितलं तर ॲडव्हान्स देऊ नका.

बोटीतला दिवस

सकाळी सहाच्या आसपास निघायचं. बोट ॲल्युमिनियमची, मागे मोटर, आत चार-पाच खुर्च्या. नावाड्याला तिथे पिलोतेइरो म्हणतात. त्याच्याजवळ रेडिओ असतो. रेडिओवर "ऑन्सा" हा शब्द ऐकू आला की टोपी हातात धरा, कारण पुढची दहा मिनिटं बोट सुसाट जाणार असते. ऑन्सा म्हणजे जग्वार.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. रेडिओमुळे जग्वार हमखास दिसतो, आणि रेडिओमुळेच एका जग्वारसमोर वीस बोटीही जमतात. वीस बोटींमधून काढलेला फोटो वीस जणांकडे असतो. आम्ही पिलोतेइरोला आधीच सांगून ठेवतो की गर्दीत घुसायचं नाही, जनावर पोहत असेल तर त्याची वाट अडवायची नाही, आणि जवळ जायला जादा बक्षिसी मिळणार नाही. तुम्हीही परस्पर देऊ नका. मांस टाकून, आवाज काढून जग्वारला बोलावणं आमच्या सहलीत चालत नाही. खायला टाकून बोलावणं तिथे बेकायदाही आहे. ड्रोन घरी ठेवा.

त्रेस इर्मांव्स, म्हणजे 'तीन भाऊ' नावाची एक नदी तिथे आहे. एकदा तिच्या काठावर भर दुपारी एक मादी झोपलेली सापडली. चौदा बोटी होत्या. झोपलेल्या मांजराचे किती फोटो काढणार? जेवणाची वेळ झाली तशा बोटी एकेक करून गेल्या. आमच्या बोटीत बँकेतून निवृत्त झालेले एक काका होते. ते म्हणाले, "डबा इथेच खाऊ. घरी तरी जेवणानंतर काय करतो मी? बसूनच असतो." बसलो. दोन तास चाळीस मिनिटं काहीही घडलं नाही. मग तिने मान उचलली. आमच्याकडे नाही, पाण्याकडे. उठली, पाठ ताणली, काठाच्या मऊ मातीवरून खाली आली आणि पाण्यात शिरली, ती भांड्यात तेल ओतावं तशी. थेंब उडाला नाही. पलीकडे वाळूवर केमन पडलेला. पुढचं सगळं दोन सेकंदांत झालं: उडी, पाण्याचा फवारा, शेपटीचा फटका, आणि केमन सुटला. ती गुडघाभर पाण्यात उभी राहिली, एक कान झटकला आणि पहिल्यांदाच सरळ आमच्याकडे बघितलं. मिशांवर पाणी होतं.

काकांकडे तो फोटो आहे. हे पत्रक लिहिणाऱ्याकडे नाही. झोपलेल्या जनावरासाठी शटर १/२५० सेकंदावर (उडीसाठी हे फार संथ) आणून ठेवलं होतं आणि ते तसंच राहिलं. उडी सगळी पुसट आली, नजरेचा फोटोही हलला. गाइड म्हणून बरोबर गेलेल्या माणसाची ही गत. तेव्हापासून आमचा नियम: जनावर झोपलं की दोन-चार फोटो काढायचे आणि लगेच शटर १/२००० वर नेऊन ठेवायचं. जे होतं ते झोपेतून उठल्यावरच होतं.

बाकी सेटिंगबद्दल थोडक्यात. बोट थांबलेली असली तरी हलत असते, म्हणून चालत्या जनावरासाठी १/१००० च्या खाली जाऊ नका. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची संवेदनशीलता) ऑटोवर, आणि तो ३२००-६४०० पर्यंत गेला तर जाऊ द्या. आयएसओ वाढल्यावर फोटोत येणारे दाणे काढता येतात, हललेला फोटो सरळ करता येत नाही. काठावरची झाडी काळपट असते. तिच्यापुढे उन्हात जग्वार आला की कॅमेरा फसतो आणि अंगावरचा पिवळा पांढरा पडतो. एक्स्पोजर पाऊण-एक स्टॉप खाली घ्या (एक स्टॉप खाली म्हणजे प्रकाश निम्मा). सावलीत मात्र परत वर आणायला विसरू नका. फोकस डोळ्यावर, आणि क्षितिज, म्हणजे इथे पाण्याची रेघ, सरळ. बोट कलंडलेली असते म्हणून फोटोत नदी उतारावरून वाहताना दिसते. दर सहलीत निम्मे फोटो असे येतात.

लेन्स १००-४०० मिलिमीटरची पुरते. २००-६०० असेल तर उत्तम. ६०० ची मोठी प्राइम (झूम न होणारी) लेन्स घेऊन येणाऱ्यांना आम्ही अडवत नाही, पण जग्वार कधी कधी इतका जवळ असतो की तिच्यात फक्त कान मावतो. ट्रायपॉड बोटीत निरुपयोगी; मोटरची थरथर त्याच्यातून सरळ कॅमेऱ्यात चढते. मोनोपॉड (एका पायाचा आधार) किंवा बोटीच्या कडेवर बीनबॅग, म्हणजे लेन्स टेकवायची पिशवी. बीनबॅग रिकामी आणा, तिथे तांदूळ भरून देतो. शक्य तितकं खाली बसा. उभं राहून काढलेल्या फोटोत जग्वार खड्ड्यात असल्यासारखा दिसतो.

दहानंतर तापलेल्या वाळूवरची हवा थरथरते. तेव्हा ऐंशी मीटरवरचा फोटो कितीही महाग लेन्सने काढा, लोण्यासारखा मऊ येणार. लेन्सला शिव्या देऊ नका, पाण्यातली महाकाय ऊदमांजरं बघा.

जाळीमागचा जग्वार

पांतानालच्या खर्चाचा आकडा ऐकून काही जण म्हणतात, "मग प्राणिसंग्रहालयातच काढतो." जरूर काढा. आम्ही तर सहलीला येणाऱ्यांनाही सांगतो की आधी एक दिवस संग्रहालयात घालवा, बिबट्या असला तरी चालेल. ठिपकेदार अंगावर फोकस कसा भरकटतो, सावलीत डोळा कसा हरवतो, हे तिथे तिकिटाच्या पैशात कळतं.

जाळी असेल तर लेन्स रेलिंगच्या अलीकडूनच जमेल तितकी जाळीजवळ न्या, ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र) पूर्ण उघडा आणि जनावर जाळीपासून लांब जाईपर्यंत थांबा. जाळी विरघळून जाते. उन्हात चकाकणाऱ्या तारांमधून काढू नका, सावलीतला भाग शोधा. काच असेल तर रबरी हूड काचेला टेकवा, गडद कपडे घाला, फ्लॅश बंद. पांढरा शर्ट घालून गेलात तर जग्वारच्या पोटावर तुमचाच शर्ट दिसेल. जनावर एकाच वाटेने येरझाऱ्या घालत असेल तर ते कंटाळलेलं आहे. फोटो सोपा मिळतो, पण तो बघायला बरा वाटत नाही.

रेलिंग ओलांडू नका. मार्च २०१९ मध्ये अमेरिकेत ॲरिझोनातल्या एका संग्रहालयात सेल्फीसाठी कठडा ओलांडलेल्या बाईचा हात जग्वारने ओरबाडला. चूक जनावराची नव्हती आणि संग्रहालयानेही तसंच सांगितलं. याची दुसरी बाजू त्याहून वाईट आहे. जून २०१६ मध्ये ब्राझीलमधल्या मनाउसला ऑलिंपिक मशालीच्या कार्यक्रमात फोटोसाठी साखळीने बांधून उभी केलेली जुमा नावाची मादी नंतर निसटली आणि गोळी घालून मारली गेली. म्हणून साखळीतलं जनावर, मांडीवर पिल्लू, तासाच्या भाड्याने मिळणारं 'मॉडेल' जनावर, यांपैकी कशाचीही व्यवस्था आम्ही करत नाही. विचारू नका.

सगळी बंदिस्त ठिकाणं सारखी नसतात, हेही सांगायला हवं. मध्य अमेरिकेतल्या बेलीझ देशाच्या प्राणिसंग्रहालयात गुरं मारणारे जग्वार ठेवले जातात. तिथे आणले नसते तर गोठेवाल्यांनी मारले असते. अर्जेंटिनात इबेराच्या पाणथळीत तर बंदिस्त जागेत वाढवून जनावरं मोकळी सोडली; जानेवारी २०२१ मध्ये मारिउआ ही मादी आणि तिची दोन पिल्लं बाहेर पडली. अशा ठिकाणचा फोटो कमी प्रतीचा मुळीच नाही.

फोटोखाली काय लिहायचं

जिथे काढला ते. संग्रहालयातला असेल तर 'बंदिस्त' हा शब्द लिहा, संग्रहालयाचं नाव लिहा. स्पर्धांना पाठवणाऱ्यांनी तर नक्कीच. लंडनच्या 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' स्पर्धेत २००९ चा सर्वोच्च किताब एका उडी मारणाऱ्या लांडग्याच्या फोटोला मिळाला होता. लांडगा शिकवलेला असण्याची दाट शक्यता आहे, असं परीक्षकांचं मत झालं आणि जानेवारी २०१० मध्ये किताब काढून घेतला. फोटो वाईट नव्हता, लबाडी होती.

तसंही जाणकाराला कळतं. नदीवरच्या जग्वारच्या कानाला खाच असते, नाकावर जुने ओरखडे, अंगावर गोचिडी. आमच्या दुकानात भिंतीवर दोन फोटो शेजारी लावले आहेत, एक नदीवरचा, एक संग्रहालयातला. चौकशीला आलात की कोणता कुठला ते सांगा. बरोबर सांगणाऱ्याला चहा, चुकणाऱ्यालाही चहा.

निघण्याआधी

पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रातच घ्या आणि पिवळं पुस्तक, म्हणजे लसीचं प्रमाणपत्र, जपून ठेवा. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य धरतात, त्यामुळे शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. ते नसेल तर परतल्यावर भारतातच विलगीकरणात सहा दिवसांपर्यंत बसावं लागू शकतं. साठीपुढच्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. ब्राझीलचा व्हिसा लागतो. महाग कॅमेरे-लेन्सची नोंद जाताना विमानतळावर सीमाशुल्क खात्याकडे करून कागद घ्या, म्हणजे येताना "हे तिकडे घेतलं का?" हा वाद नको. बॅटऱ्या हातातल्या बॅगेत.

शाकाहारी मंडळींनी काळजी करू नये. भात आणि घेवड्याची उसळ रोज असते, फक्त उसळीत मांसाचे तुकडे घालायची तिकडे पद्धत आहे. लॉजला आम्ही आधी कळवतो, तरी पहिल्या दिवशी विचारूनच वाढून घ्या. मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी जवळ असली की चार दिवस सहज निघतात.

खोलीत वातानुकूलन असतं, बाहेर दमट हवा. सकाळी कॅमेरा एकदम बाहेर काढला की काचेवर वाफ धरते आणि पहिला अर्धा तास जातो. उठल्या उठल्या पिशवी व्हरांड्यात ठेवा, चेन बंद, आणि मग दात घासायला जा.

लेन्स भाड्याने हवी असेल तर निघायच्या आठ दिवस आधी स्वतःच्या कॅमेऱ्यासकट दुकानात या. लावून, वजन पेलून, समोरच्या पारावरच्या मांजराचे फोटो काढून बघा. मांजर साधारण दुपारी चारनंतर असतं.