भुरीचा चौथा पाय

भुरी घरी आली तेव्हा तिच्या मागच्या उजव्या पंजाची नखं बाकी तिन्ही पंजांच्या दुप्पट लांब होती. गावात हिंडणाऱ्या कुत्र्याची नखं कधी कापावी लागत नाहीत, जमीनच ती झिजवते. म्हणजे हा पंजा कित्येक महिने जमिनीला लागलाच नव्हता. धानाच्या मळणीत ट्रॉलीखाली पाय सापडला होता, हाड आपलं आपण जुळलं आणि कुत्री तीन पायांवर भंडारा जिल्ह्यातलं आमचं अख्खं गाव पालथं घालत होती. "तिचा तो पाय गेलाच समज," माय म्हणाली. मलाही तसंच वाटलं होतं.

नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात एक्स-रे काढला. नडगी जराशी वाकडी जुळली होती, पण पक्की होती. गुडघा पूर्ण सरळ होत नव्हता, तरी अडकलेलाही नव्हता. डॉक्टरांनी बोटाचं पेर चिमट्यात दाबलं तशी तिने पाय आखडला आणि मान वळवून त्यांच्याकडे रागाने पाहिलं. महत्त्वाचं होतं ते हे वळून पाहणं. पाय आखडणं ही नुसती प्रतिक्षिप्त क्रिया असू शकते, मेंदूशी संबंध तुटला असला तरी ती होते. वळून पाहिलं म्हणजे दुखल्याची खबर मेंदूपर्यंत पोचली. हाड आहे, नस आहे, मग पाय टेकत का नाही?

कारण तिला त्याची गरज उरली नव्हती. उभ्या कुत्र्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं, मागच्या दोघांवर मिळून ४०. मागचा एक पाय उचलला तर थोडासाच भार इतरांवर वाटायचा असतो. पहिले काही आठवडे दुखतं म्हणून पाय वर राहतो. दुखणं ओसरेपर्यंत तीन पायांची चाल अंगवळणी पडलेली असते. एडवर्ड टॉब या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने माकडांवरच्या प्रयोगांत हेच पाहिलं होतं: हात हलवता येत असूनही माकड तो वापरायचं सोडून देतं, कारण सुरुवातीला प्रत्येक प्रयत्न फसलेला असतो. नंतर शरीरही त्या सवयीच्या मागे जातं. मांडीचा स्नायू वितळतो, सांध्याभोवतीचं आवरण आखडतं. भार नसेल तर हाडसुद्धा विरळ होतं. युलियस वोल्फ या जर्मन शल्यविशारदाने १८९२ मध्ये मांडलेला नियम हाच, की हाड भाराप्रमाणे घडतं. शिंप्याच्या टेपने मोजलं तर भुरीच्या दोन मांड्यांच्या घेरात पाच सेंटिमीटरचा फरक होता.

तेव्हा उपाय एकच: पायाला पुन्हा काम द्यायचं, पण झेपेल एवढंच.

सकाळी गरम पाण्यात पिळलेला टॉवेल, आधी आपल्या मनगटावर लावून पाहून, मांडीवर दहा मिनिटं. ऊब मिळाली की आखडलेल्या ऊती जास्त ताणल्या जातात. मग तिला तणसावर कुशीवर निजवून एक हात गुडघ्याच्या वर, एक खाली धरायचा आणि पाय हळूहळू दुमडायचा, हळूहळू सरळ करायचा, दहा वेळा. ती मान वळवून हाताकडे बघू लागली की तिथेच थांबायचं. जोर लावून सांधा मोकळा करू पाहणारे लोक कुत्र्याला फक्त हाताची भीती शिकवतात.

खरी गंमत चालण्यात आहे. आमची पहिली चूक म्हणजे आम्ही तिला पळवत होतो. पळताना तीन पाय पुरतात. दोरी आखूड धरून अगदी संथ, म्हातारं माणूस चालेल तसं चालवलं, तेव्हा तोल राखायला चौथा पाय खाली येऊ लागला. आधी नुसती नखं टेकली, मग पंजाचा पुढचा भाग. हे सगळं सारवलेल्या अंगणात. घरातल्या गुळगुळीत टाइल्सवर एकदा घसरली, तर चार दिवस पाय पुन्हा वर. पुढे जमिनीवर बांबूच्या कमच्या वीतभर अंतराने मांडल्या. त्या ओलांडायच्या तर प्रत्येक पाय ठरवून उचलावा लागतो.

आणि आमच्याकडे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी काळातला जुना तलाव आहे. शहरात यासाठी पाण्यातलं ट्रेडमिल असतं, आम्हाला पाळीजवळचा उथळ उतार पुरला. पाण्यात शरीर हलकं होतं, आणि किती हलकं ते कुत्र्यांना पाण्यात उभं करून मोजलेलं आहे: पाणी घोट्यापर्यंत असेल तर पायांवर सुमारे ९१ टक्के वजन राहतं, गुडघ्यापर्यंत ८५, कमरेच्या सांध्यापर्यंत मात्र फक्त ३८. म्हणजे घोटाभर पाण्यात फारसा फायदा नाही. आम्ही दुपारच्या उन्हात, पाणी कोमट असताना, कमरेइतक्या खोलीत पाच मिनिटांपासून सुरुवात केली. पाण्यात तिने पहिल्याच दिवशी चारही पाय टाकले. (साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस हा जंतूंचा आजार होऊ शकतो, त्यामुळे लस आधी, पाणी नंतर.)

एक गोष्ट ओरडून सांगायची आहे. कुत्रं कण्हलं म्हणून घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन देऊ नका, यकृत, मूत्रपिंड, जठर कशालाही धक्का बसतो. गोठ्यातल्या जुन्या बाटलीत डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचं औषध असेल तर तेही नको. ते दिलेली जनावरं मेल्यावर त्यांना खाऊन गिधाडं मेली, म्हणून २००६ पासून भारतात जनावरांसाठी त्यावर बंदी आहे, आणि कुत्र्यालाही ते घातकच. दुखण्यावरचं औषध डॉक्टर कुत्र्याच्या वजनाप्रमाणे देतात. वजन म्हटलं की भात खाऊन अंगाने सुटलेली कुत्री आठवतात. जखमी पायावरचा प्रत्येक जास्तीचा किलो रोजच्या मेहनतीवर पाणी फिरवतो.

प्रत्येक पाय असा परत येत नाही. पंजा उलटा होऊन घासत असेल, त्याच्या वरच्या बाजूला जखमा होत असतील, तर नस गेलेली असू शकते. अशा वेळी डॉक्टर पाय काढायचाही सल्ला देतात. ऐकायला क्रूर वाटतं, पण तीन पायांवर कुत्री छान जगतात.

चार महिन्यांनी भुरीच्या मांड्यांतला फरक तीन सेंटिमीटरवर आला आहे. खाताना ती चारही पायांवर उभी राहते. कौलांवर माकडं आली की मात्र सगळं विसरून तीन पायांवर सुटते, आणि माय मला हाक मारून तेवढंच दाखवते.