सांध्यातलं पाणी फेकू नका

१९६५ साली नागपुरात तापाची मोठी साथ आली होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने (एनआयव्ही), तिचा शोध घेतला आणि कारण निघालं चिकुनगुनिया. १९७३ मध्ये बार्शीला साथ आली. त्यानंतर तीसेक वर्षं हा आजार जवळजवळ दिसेनासाच झाला आणि २००५-०६ मध्ये देशभर उसळला. विदर्भातल्या कितीतरी घरांत त्या वर्षी ताप चार दिवसांत उतरला, पण धरलेले सांधे महिनोन् महिने सुटले नाहीत.

विषाणू जुनाच की नवा, याचं उत्तर मिळालं ते जपून ठेवलेल्या नमुन्यांमुळे. १९६३ चा कोलकात्याचा आणि १९७३ चा बार्शीचा विषाणू पुण्यात शाबूत होता. जनुकक्रम ताडून पाहिल्यावर कळलं की ते दोन्ही आशियाई गटातले होते आणि २००६ चा मात्र आफ्रिकी गटातला. त्याहून मोलाचा ठरला पुणे जिल्ह्यातल्या यवतचा नमुना. २००० साली तिथल्या डासांत मिळालेला विषाणूही आफ्रिकी गटातलाच निघाला. साथीच्या पाच वर्षं आधीच तो महाराष्ट्रात येऊन बसला होता! तो नमुना ठेवणाऱ्याला तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं.

संधिवाताच्या संशोधकाचं बरंचसं आयुष्य अशाच मोजण्याच्या आणि जपून ठेवण्याच्या कामात जातं. सुरुवात होते ओपीडीत सांधे मोजण्यापासून. खांदे, कोपरं, मनगटं, बोटांचे सांधे, गुडघे असे अठ्ठावीस सांधे एकेक करून अंगठ्याने दाबायचे. किती दुखतात, किती सुजलेत ते लिहायचं. नव्या औषधाची क्लिनिकल ट्रायल, म्हणजे रुग्णांवरची चाचणी, याच मोजणीवर उभी असते. कोणाला औषध आणि कोणाला तुलनेची गोळी मिळणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं. सांधे मोजणाऱ्यालाही ते कळू देत नाहीत, कारण आशा बोटांत उतरते आणि आकडे बिघडवते. दुखऱ्या आणि सुजलेल्या सांध्यांत किमान २० टक्के सुधारणा, सोबत इतर काही मोजमापांतही तेवढीच, हा औषध लागू पडल्याचा १९९५ पासूनचा प्रचलित निकष.

आमवातावर, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसवर, आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी १९८० च्या दशकात अशाच चाचण्यांतून सिद्ध झाली. आजही उपचार बहुधा तिच्यापासूनच सुरू होतात. पण ट्रायल सांगते शंभरातल्या किती जणांना औषध लागू पडलं. समोर बसलेल्या बाईंना ते का लागू पडलं नाही, हे नुसत्या आकड्यांतून कळत नाही. त्यासाठी त्यांचं रक्त, सांध्याच्या अस्तराचा तुकडा हाताशी लागतो. लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांनी रुग्णांच्या सांध्यांतल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून टीएनएफ हे प्रथिन सांध्यांच्या सुजेच्या मुळाशी असल्याचं दाखवलं. १९९२ मध्ये त्यावरचं औषध पहिल्यांदा आमवाताच्या रुग्णांना दिलं गेलं आणि उपचारांची दिशाच बदलली.

मला वाटतं, आपल्याकडे ट्रायलबद्दल थोडंफार तरी बोललं जातं, बायोबँकेबद्दल, म्हणजे रुग्णांचे नमुने माहितीसह जपून ठेवणाऱ्या साठ्याबद्दल, अजिबात नाही. गुडघ्यात पाणी झालं म्हणून डॉक्टर सुईने जे पिवळसर पाणी काढतात, ते तपासणीनंतर बहुतेकदा कचऱ्यात जातं. ठेवायचं तर ते लगेच यंत्रात वेगाने फिरवून पेशी वेगळ्या कराव्या लागतात, मग ते छोट्या नळ्यांत वाटून उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवावं लागतं. जिवंत पेशी हव्या असतील तर लिक्विड नायट्रोजनमध्ये. नमुना वितळून पुन्हा गोठला की त्यातले नाजूक रेणू मोडतात, म्हणून छोट्या नळ्या. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो आणि वीजही जाते. तेव्हा जनरेटर आणि रात्री वाजणारा अलार्म हेसुद्धा संशोधनच. शिवाय नळीसोबत माहिती हवी: आजार कधी सुरू झाला, औषधं कोणती, दोन वर्षांनी काय झालं. माहितीविना नळी निरुपयोगी.

विदर्भात तर याची निकड जास्त. इथे सांधेदुखीचा रुग्ण आमवाताचा असेल, चिकुनगुनियानंतर सांधे धरलेला असेल, किंवा सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारामुळे खुब्याचं हाड निकामी झालेला. चिकुनगुनियानंतरची सूज कधी कधी हुबेहूब आमवातासारखी दिसते. कोणाची आपोआप ओसरेल आणि कोणाची कायमची राहील, हे पहिल्या आठवड्यातलं रक्त जपून ठेवलं आणि रुग्णांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला तरच शोधता येईल. परदेशातले नमुने या प्रश्नाला पुरणार नाहीत.

नागपूरच्या मेडिकल, मेयो किंवा एम्स रुग्णालयात कधी असं संमतीपत्र तुमच्यापुढे आलं, तर घाबरू नका, पण विचारा. नमुना किती वर्षं ठेवणार, कोणाला देणार, माझ्या उपयोगाचं काही सापडलं तर कळवणार का? उद्या नको वाटलं तर तो परत घेण्याचा हक्क तुम्हाला आहे. मात्र नळीवरची ओळख पूर्णपणे पुसली गेली असेल, तर तुमची नळी कोणती हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून ओळख ठेवणार की पुसणार, हे सही करण्याआधीच विचारून घ्या.