कोडीन ‘सौम्य’ मानले गेले तेव्हा

मुलांना अफूवर्गातील वेदनाशामके देण्याचा प्रश्न जुना आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत दात येणाऱ्या बाळांसाठी विकल्या जाणाऱ्या ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’मध्ये मॉर्फिन होते, असे घटक वेष्टणावर छापण्याची सक्ती १९०६ च्या कायद्याने झाली. पुढची चूक नेमकी उलटी होती. नवजात बाळांना वेदना फारशी जाणवत नाही, या समजुतीपायी १९८० च्या दशकातही त्यांच्यावर पुरेशा वेदनाशामकांविना शस्त्रक्रिया होत असत. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना फेंटानिल हे अफूवर्गातील वेदनाशामक दिल्यास शस्त्रक्रियेचा शरीरावरील ताण कमी होतो, हे संशोधक के. जे. एस. आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवले, तेव्हा कुठे ही समजूत ढळली.

या सगळ्या काळात कोडीन या अफूवर्गातीलच वेदनाशामकावर मात्र कोणाचा फारसा आक्षेप नव्हता. ते मॉर्फिनपेक्षा सौम्य, म्हणून मुलांसाठी सुरक्षित, असे धरून टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर ते सर्रास लिहून दिले जाई. माझ्या मते सर्वांत महागात पडला तो हाच समज. कोडीन स्वतः फारसे काम करत नाही. यकृतातील सीवायपी२डी६ हे एन्झाइम त्याच्या काही भागाचे मॉर्फिन बनवते, तेव्हा वेदना शमते. या एन्झाइमचा वेग आनुवंशिक असतो. काहींमध्ये ते जवळजवळ निष्क्रिय असल्याने औषधाचा गुण येत नाही, तर काहींमध्ये इतके वेगवान असते की नेहमीच्या मात्रेतूनही धोकादायक प्रमाणात मॉर्फिन तयार होऊन श्वास मंदावतो. त्यातच टॉन्सिल काढावे लागणाऱ्या अनेक मुलांना झोपेत श्वास अडखळण्याचा त्रास आधीपासूनच असतो.

अशा शस्त्रक्रियेनंतर दगावलेल्या एका दोन वर्षांच्या मुलाची नोंद २००९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढे तशा आणखी घटना समोर आल्या. २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मुलांच्या दीर्घकालीन वेदनेसाठीच्या मार्गदर्शनातून कोडीन वगळले. २०१३ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने टॉन्सिल किंवा अॅडिनॉइडच्या (नाकामागच्या ग्रंथींच्या) शस्त्रक्रियेनंतर मुलांना ते देणे निषिद्ध ठरवले. युरोपमध्येही त्याच वर्षी बारा वर्षांखालील मुलांसाठी वेदनाशामक म्हणून ते बंद झाले. २०१७ मध्ये एफडीएने बारा वर्षांखालील मनाई सर्वसाधारण केली आणि तिच्या कक्षेत ट्रॅमाडॉल या दुसऱ्या वेदनाशामकालाही आणले, कारण तेही याच एन्झाइमच्या मार्गाने अधिक प्रबळ होते.

वेदना मात्र मागे उरतेच, आणि बाळांना वेदनेत ठेवण्याची ती जुनी चूक पुन्हा होता कामा नये, याचीही चिंता तितकीच खरी आहे. म्हणूनच अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिअॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात तीव्र वेदनेसाठी ओपिऑइड, म्हणजे अफूवर्गातील वेदनाशामके, पूर्ण बंद केलेली नाहीत. ती एकटी न देता इतर उपायांच्या जोडीने, थोड्या दिवसांपुरती द्यावीत आणि घरी औषध पाठवताना त्याचा उतारा असलेले नॅलोक्सोनही सोबत द्यावे, असे त्यात सांगितले आहे.