दोन मिनिटांची सुरुवात आणि ‘ड्रामा’ या शब्दाचा गुंता

‘उगाच ड्रामा करू नकोस’ असं आपण अतिरेक करणाऱ्याला सुनावतो. चित्रपटाच्या वर्गात मात्र ड्रामा म्हणजे साधं घर, दबका आवाज आणि ओठांवर अडलेलं वाक्य. विद्यार्थी लघुपटाची सुरुवात आखताना पहिला घोळ होतो तो इथेच.

घोळ जुना आहे. ड्रामाचाच भाऊबंद असलेला ‘मेलोड्रामा’ हा शब्द घ्या. अमेरिकेतली सिनेव्यवसायाची नियतकालिकं पूर्वी ‘मेलोड्रामा’ म्हणत ती पाठलाग, गुन्हे आणि थरार असलेल्या चित्रपटांना. १९७२ च्या एका निबंधानंतर हा शब्द हॉलिवूडच्या कौटुंबिक चित्रपटांना चिकटला. पात्रांना जे बोलता येत नाही ते तिथे रंग, आरसे, जिने आणि संगीत बोलतं, अशी ती मांडणी होती. ती इतकी पटली की शब्दाचा आधीचा अर्थ मागे पडला. १९९३ मध्ये एका अभ्यासकाने जुने अंक चाळून दाखवलं की या धंद्यातले लोक तो शब्द जवळपास उलट्या अर्थाने वापरत होते. मला विद्यार्थ्यासाठी १९७२ ची मांडणीच जास्त मोलाची वाटते, कारण ती घरातल्या वस्तूंकडे नीट पाहायला शिकवते.

वास्तववादाची शिस्त दुसरीकडून आली. युद्धानंतरच्या इटलीत कॅमेरा रस्त्यावर उतरला, पुढे ब्रिटनमध्ये तो कामगारांच्या स्वयंपाकघरात शिरला. मार्च १९९५ मध्ये डेन्मार्कच्या दिग्दर्शकांनी दहा नियम जाहीर केले. कॅमेरा हातात धरायचा, चित्रीकरण खऱ्या जागी करायचं, प्रसंगात वाजत असेल तेवढंच संगीत घ्यायचं. ठरावीक प्रकारात बसणारे चित्रपट तर त्यांना मान्यच नव्हते. गंमत अशी की आज ‘ड्रामाचे संकेत’ म्हणून वर्गात मिळणाऱ्या यादीत हलता कॅमेरा आणि नैसर्गिक प्रकाश असतोच, आणि त्याच यादीत पियानोचं हळवं पार्श्वसंगीतही असतं. दोन परस्परविरोधी परंपरा एकाच कागदावर येतात.

२००८ मध्ये ब्रिटनमधल्या एका अभ्यासक्रमात हा गृहपाठ पक्का झाला: नव्या कथापटाची श्रेयनामावलीसह (कलाकार-तंत्रज्ञांच्या नावांसह) सुरुवात, जास्तीत जास्त दोन मिनिटं. त्याच वर्षी व्हिडिओ घेणारे डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारे फोटोचे कॅमेरे, बाजारात आले. धूसर पार्श्वभूमीवरचा एकटा चेहरा विद्यार्थ्याच्या आवाक्यात आला आणि लवकरच त्याची सवयच झाली.

दुसरी सवय गजराची. घड्याळ वाजतं, हात येतो, मग आरशातला चेहरा. १२० सेकंदांतले वीसेक इथेच जातात आणि पात्राबद्दल काहीच कळत नाही. श्रेयनामावलीतली नावं कुठे बसतील हे शॉटलिस्ट, म्हणजे घ्यायच्या दृश्यांची यादी, करतानाच ठरवावं लागतं. चौकटीत मोकळी जागा सोडली नसेल तर संकलनाच्या वेळी अक्षरं चेहऱ्यावर येतात.

त्याऐवजी असं आखून पाहा. टेबलावर दोन कप, एकातून वाफ येतेय, दुसऱ्यावर साय धरलीय. चौकटीची डावी बाजू रिकामी, नावं तिथे उमटतात. एक हात साय धरलेला कप उचलतो, बेसिनमध्ये ओततो, विसळतो आणि पुन्हा त्याच जागी आणून ठेवतो. चेहरा अजून दाखवायचा नाही.