एच की एल: जुन्या इंजिनाच्या कॉम्प्रेशन रेशोमागचा इतिहास

एमजी किंवा मॉरिस या ब्रिटिश गाड्यांच्या 1960 च्या सुमारास बनलेल्या इंजिनाचा ब्लॉक स्वच्छ पुसला की इंजिन नंबरची छोटी पट्टी दिसते. नंबराच्या आधी एक अक्षर असतं, एच किंवा एल. एच म्हणजे हाय कॉम्प्रेशन, एल म्हणजे लो. ब्लॉक तोच, क्रँक तोच. फरक मुख्यतः पिस्टनचा. एलच्या पिस्टनला माथ्यावर जास्त खोलगट वाटी असते. 1798 सीसीच्या एमजीबी या मॉडेलमध्ये एचचा कॉम्प्रेशन रेशो 8.8 आणि एलचा 8. गाडी कुठल्या देशात जाणार आणि तिथे पेट्रोल कसं मिळतं, यावर कोणतं इंजिन बसवायचं ते ठरायचं. इंजिन बांधताना कॉम्प्रेशन वाढवायचा विचार करणाऱ्यानं आधी हे लक्षात घ्यावं: कारखान्यानं कमी ठेवलेला आकडा बहुतेक वेळा त्या काळच्या पेट्रोलचा होता, इंजिनाच्या ताकदीचा नव्हे.

सिलिंडरमधलं हवा-पेट्रोलचं मिश्रण किती पटीनं दाबलं जातं, तो हा रेशो. जर्मनीच्या निकोलाउस ऑटो यांच्या 1876 च्या इंजिनात तो अडीचच्या आसपास होता. फोर्ड मॉडेल टीचा तर सुरुवातीला साडेचार होता आणि पुढे चारपर्यंत खाली आणला गेला. जास्त दाबलं तर त्याच पेट्रोलमधून जास्त काम निघतं, हे तेव्हाही माहीत होतं. अडचण नॉकिंगची होती. ठिणगीनं पेटलेली ज्वाला पोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप भडकतं, इंजिन खडखडतं आणि पिस्टन फुटू शकतो. इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो यांनी चालू इंजिनात रेशो बदलता येईल असं यंत्रच बनवलं आणि नॉकिंगचं मूळ इंधनातही असतं हे पद्धतशीर मोजून दाखवलं.

डिसेंबर 1921 मध्ये अमेरिकेत डेटन इथे थॉमस मिजली यांना शिशाच्या एका संयुगानं नॉकिंग थांबतं हे सापडलं. 1923 पासून असं पेट्रोल विकायला आलं. ते संयुग बनवणारे काही कामगार लगेच पुढच्याच वर्षी विषबाधेनं दगावले, तरी ते चालूच राहिलं. कॉम्प्रेशनच्या वाढत्या आकड्यांची ही किंमत विसरू नये. पेट्रोल नॉकिंगला किती टक्कर देतं ते सांगणारी ऑक्टेनची मोजपट्टी याच दशकाच्या शेवटी ठरली.

मग दुसरं महायुद्ध आलं. ब्रिटनमध्ये सगळ्या कंपन्यांचं पेट्रोल एकत्र करून 'पूल' नावानं विकलं जाऊ लागलं, ऑक्टेन जेमतेम सत्तरच्या आसपास. ते 1953 पर्यंत टिकलं. पहिल्या मॉरिस मायनरचा रेशो साडेसहाच्या आसपास आहे, तो म्हणूनच. चांगलं पेट्रोल परतलं आणि दहा-बारा वर्षांत मिनी कूपर एसच्या 1275 सीसी इंजिनात तो 9.75 झाला. अमेरिकेत 1971 च्या मॉडेलांपासून काटा उलटा फिरला. शिसं जाणार हे दिसताच जनरल मोटर्सनं आपल्या इंजिनांचं कॉम्प्रेशन सरसकट उतरवलं.

आपल्याकडे अँबॅसडरमध्ये 1489 सीसीचं बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीज इंजिन होतं, एमजीबीच्या आधीच्या एमजीए मॉडेलच्या इंजिनाचं सख्खं भावंड. 1990 च्या दशकात इथल्या साध्या पेट्रोलचा ऑक्टेन 87 च्या आसपास होता, पुढे किमान 91 झाला. 2000 मध्ये देशभर शिसं गेलं. आता वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा ऑक्टेन 95 आहे. म्हणजे एल इंजिनाला एच करायला आजचं पेट्रोल आड येत नाही. पण इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यानं कार्ब्युरेटरच्या जुन्या जेटवर (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकावर) मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, म्हणजे ते पातळ होतं, आणि पातळ मिश्रणानं इंजिन तापतं. जेट, रबरी नळ्या आणि कडक व्हॉल्व्ह सीट यांचं काम आधी झालं पाहिजे.

मिळतं किती? कागदावरच्या आदर्श गणितात 4 वरून 8 वर गेलं की कार्यक्षमता 43 वरून 56 टक्के होते; 8 वरून 10 वर गेलं तर जेमतेम 60. मला नऊच्या आसपास थांबणं शहाणपणाचं वाटतं. त्यापुढे फायदा थोडा आणि नॉकिंग टाळायला ठिणगीचं टायमिंग मागे घेण्यात तोही जातो.

एमजीबीत 8 वरून 8.8 वर जायला प्रत्येक सिलिंडरमागे साधारण साडेसहा मिलिलिटर जागा कमी करावी लागते, चहाच्या चमच्याहून जरा जास्त. पिस्टन बदलून ती होते, हेड (सिलिंडरवरचं झाकण) घासूनही होते. पण साठ वर्षांत गाडी तापली की हेड फेस करून आणायचं, हे अनेकदा झालेलं असतं. तेव्हा पट्टीवर एल असला तरी आत एल उरला असेलच असं नाही. हेड उलटं ठेवा, चेंबरवर (हेडमधल्या खोलगट जागेवर) भोक पाडलेली ॲक्रिलिकची पट्टी ग्रीस लावून बसवा, ब्युरेटनं (मापाच्या खुणा असलेल्या काचनळीनं) रॉकेल सोडा, चारही चेंबर मोजा. घासायचं की नाही ते त्यानंतर ठरवा.