थंड पाणी काय उचलतं, काय सोडतं

आईला रात्रीच्या जेवणानंतर कॉफी लागते. भरपूर दुधाची, वरून जायफळ किसलेली. पन्नास वर्षांची सवय. गेल्या उन्हाळ्यात मात्र तिची झोपच उडाली. रात्री अडीचला स्वयंपाकघरात दिवा लागलेला असायचा आणि ती खाली बसून लसूण सोलत असायची. डॉक्टर म्हणाले, दुपारनंतर कॉफी बंद. ते काही तिच्याच्यानं होईना. मग मावसभावानं सुचवलं, "कोल्ड ब्रू करून दे तिला. थंड पाण्यात कॅफीन उतरतच नाही." कोल्ड ब्रू म्हणजे पूड थंड पाण्यात तासन्तास भिजवून काढलेली कॉफी. मी करून दिली. दिवा लागायचा तो लागतच राहिला.

ही समजूत बऱ्याच जणांची आहे, म्हणून तिचा हिशेब एकदा मांडायलाच हवा. अरॅबिका जातीच्या बियांत वजनाच्या साधारण १.२ टक्के कॅफीन असतं, रोबस्टात जवळजवळ दुप्पट. लिटरभर पाण्यात १०० ग्रॅम अरॅबिका भिजवली तर बरणीत जेमतेम सव्वा ग्रॅम कॅफीन आलं. आणि २५ अंश सेल्सियसचं लिटरभर पाणी सुमारे २० ग्रॅम कॅफीन विरघळवू शकतं. उकळत्या पाण्याची ताकद याच्या तीसपट आहे हे खरं, पण विरघळवायचं आहे तेच मुळी सव्वा ग्रॅम. त्याला थंड पाणीही पुरून उरतं. फक्त वेळ जास्त लागतो, आणि कोल्ड ब्रूमध्ये आपण तोच तर देतो. फिलाडेल्फियातल्या दोन रसायनतज्ज्ञांनी २०१७ साली हे मोजून दाखवलं. त्यांच्या प्रयोगात खोलीच्या तापमानाला सुमारे ४०० मिनिटांत, म्हणजे पावणेसात तासांत, पाण्यातल्या कॅफीनची पातळी स्थिरावली होती.

शिवाय कोल्ड ब्रूला पूड सढळ हातानं पडते. वरच्या हिशेबानं २०० मिलिलिटरच्या पेल्यात २४० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन येऊ शकतं. निरोगी प्रौढ माणसानं एका वेळी २०० आणि दिवसभरात ४०० मिलिग्रॅमच्या आत राहावं, असं युरोपची अन्नसुरक्षा संस्था सांगते. रात्री नऊला मी आईच्या हातात काय देत होतो, ते हे आकडे मांडल्यावर कळलं.

झोप का उडते, तेही थोडक्यात. आपण जागे असतो तसतसा मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो. तो चेतापेशींवरच्या ठरलेल्या खाचांत बसला की डोळे जड होतात. कॅफीनच्या रेणूची ठेवण अ‍ॅडेनोसिनशी इतकी मिळतीजुळती आहे की तो त्याच खाचा अडवून बसतो. थकवा असतो तिथेच, पण निरोप पोचत नाही. प्यालेल्या कॅफीनपैकी निम्मं शरीराबाहेर जायला सरासरी पाच तास लागतात. काहींना याहून बराच जास्त वेळ लागतो आणि गरोदरपणात तर हा काळ खूपच लांबतो.

म्हणजे कॅफीन टाळायचं तर ते बरणीत शिरण्याआधीच काढायला हवं. हे काम भाजण्याआधी, हिरव्या बियांवर होतं. कॅफीन पहिल्यांदा वेगळं केलं ते १८१९ साली फ्रीडलीब रुंग या तरुण जर्मन रसायनतज्ज्ञानं. त्याला कॉफीच्या बिया देऊन तपासायला सांगणारा माणूस होता महाकवी गटे. व्यापारी प्रमाणावर कॅफीनमुक्त कॉफी, म्हणजे डिकॅफ, यायला मात्र विसावं शतक उजाडावं लागलं. ब्रेमेनच्या लुडविग रोझेलियस या कॉफीच्या व्यापाऱ्यानं बिया वाफवून बेंझिननं धुण्याची रीत काढली आणि १९०६ मध्ये कंपनी उभी केली. बेंझिननं कर्करोग होतो हे पुढे कळलं आणि ते मागे पडलं. त्याच्या जागी डायक्लोरोमिथेन आणि इथाइल अ‍ॅसिटेट आली. कोलंबियात हे इथाइल अ‍ॅसिटेट उसापासून करतात, म्हणून ती कॉफी 'शुगरकेन डिकॅफ' या नावानं विकली जाते. तिसरी रीत कार्बन डायऑक्साइडची. ३१ अंशांच्या वर आणि हवेच्या ७३ पट दाबाखाली हा वायू द्रवासारखा वागू लागतो, बियांत शिरतो आणि नेमकं कॅफीन घेऊन बाहेर येतो.

मला स्वतःला सगळ्यांत आवडते ती निव्वळ पाण्याची रीत. बिया गरम पाण्यात भिजवल्या की कॅफीन निघतं खरं, पण त्याबरोबर शर्करा, आम्लं, स्वाद घडवणारे सगळे घटकही निघून जातात. उरते ती बेचव बी. यावर तोडगा असा. भिजवणीचं हे पहिलं पाणी कोळशातून गाळून त्यातलं फक्त कॅफीन काढून घ्यायचं, बाकी सगळं पाण्यात ठेवायचं, आणि त्या पाण्यात बियांचा नवा घाणा भिजवायचा. आता पाण्यात शर्करा आधीच भरपूर आहे, आम्लंही आहेत. बीमधून ती आणखी यायला जागाच नाही. कॅफीन तेवढं नाही. म्हणून बीमधून बाहेर येतं ते फक्त कॅफीन. जिथे जास्त आहे तिथून जिथे कमी आहे तिथे, एवढा एकच नियम, आणि त्यावर आख्खा कारखाना चालतो. ही रीत स्वित्झर्लंडमध्ये निघाली, बाजारात रुजली १९८० च्या दशकात.

डिकॅफ म्हणजे शून्य कॅफीन असं मात्र धरून चालू नका. युरोपच्या नियमानुसार भाजलेल्या डिकॅफ कॉफीत ०.१ टक्क्यापर्यंत कॅफीन चालतं. आपल्या बरणीचा हिशेब परत मांडला तर १०० ग्रॅममध्ये जास्तीत जास्त १०० मिलिग्रॅम, म्हणजे पेल्यात २०. कुठे २४० आणि कुठे २०.

आता घरची कृती. झटपट विरघळणारी डिकॅफ पावडर इथे कामाची नाही, ती आधीच काढलेल्या कॉफीची वाळवलेली पूड असते. डिकॅफच्या भाजलेल्या बिया घ्या किंवा जाडसर दळून मागवा. चिकोरी नको. तिच्यात कॅफीन नसतं, पण भिजवणीला ती एक जाड, उग्र गोडसर चव आणते. घरी मिक्सरमध्ये दळणार असाल तर बटण धरून ठेवू नका, एकेक सेकंदाचे झटके द्या. डिकॅफच्या बिया एकदा भिजून, वाळून, मग भाजलेल्या असतात, त्यामुळे नेहमीच्या बियांपेक्षा ठिसूळ. जरा जास्त फिरवलं की पीठ होतं. आपल्याला हवा इडली रव्याएवढा कण. पहिल्या वेळी माझं दळण बारीक झालं आणि पेल्याच्या तळाशी चिखलासारखा गाळ बसला. आता मी दळण पिठाच्या चाळणीतून चाळून खालचं पीठ बाजूला काढतो. चव लगेच निवळते.

काचेच्या बरणीत १०० ग्रॅम पूड आणि लिटरभर उकळून गार केलेलं पाणी. चमच्यानं एकदा ढवळायचं, कारण पूड वर तरंगते आणि मधे कोरडे गोळे राहतात. झाकण लावून फ्रिजमध्ये चौदा-सोळा तास. खोलीत आठ तासही पुरतात, पण आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये बरणी रात्रभर ओट्यावर ठेवू नका. एक तर इथे पूड उकळत नाही, म्हणजे तिच्यातले जंतू मरत नाहीत. दुसरं, कॉफीचा सामू (पीएच; आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) पाचच्या आसपास असतो आणि घातक जंतूंना रोखायला तो ४.६ च्या खाली लागतो. म्हणून गाळलेली कॉफीही फ्रिजमध्येच, आणि चार-पाच दिवसांत संपवायची.

गाळायला आधी चहाची गाळणी, मग कागदी फिल्टर. चोथा दाबून पिळू नका. तो आपल्या वजनाच्या दुपटीएवढं पाणी धरून बसतो, जीव हळहळतो, पण पिळल्यावर येतो तो गढूळ कडवटपणा. कागदाचा आग्रह चवीपुरता नाही. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल नावाचा पदार्थ असतो, तो रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवतो आणि डिकॅफमध्येही तो असतोच. कागद त्याला अडवतो, स्टीलची जाळी अडवत नाही.

कोल्ड ब्रू जिभेला गोडसर का लागते? भाजलेल्या कॉफीचा कडवटपणा मुख्यतः क्लोरोजेनिक आम्लांपासून भाजताना बनलेल्या पदार्थांचा असतो, कॅफीनचा वाटा त्यात थोडा. म्हणून तर डिकॅफही कडू लागते. यातले बरेच पदार्थ थंड पाण्यात नीट उतरत नाहीत. पण ती आम्लपित्तावर उपाय आहे असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. फिलाडेल्फियातल्या त्याच दोघींनी २०१८ मध्ये गरम आणि थंड कॉफीचा सामू तपासला. दोन्हींचा ४.८५ ते ५.१३ च्या दरम्यान निघाला. गरम कॉफीत एकूण आम्लं थोडी जास्त होती, एवढाच फरक. शिवाय डिकॅफनंही पोटात आम्ल सुटतं. पित्ताचा त्रास असेल तर रिकाम्या पोटी ही पण नकोच.

राहिलं जायफळ. ते मी आधी थेट बरणीत किसून पाहिलं, काहीच वास उतरला नाही. जायफळाचं सुगंधी तेल पाण्यात नीट मिसळत नाही, त्याला स्निग्धांश लागतो. म्हणून आता वाटीभर साईचं दूध कोमट करून त्यात साखर विरघळवतो, वर जायफळ किसतो आणि गार होऊ देतो. साखरही गार कॉफीत लवकर विरघळत नाही, ते कामही तिथेच होतं. मग अर्धा पेला कॉफी, अर्धा पेला हे दूध. आईला बर्फ चालत नाही, ती तसाच पिते. पहिल्या घोटाला म्हणाली, "गार आहे, पण कॉफी आहे."