‘.ओनियन’ राखीव आहे, नोंदलेलं नाही

‘.ओनियन डोमेन कुठे विकत मिळतं?’ हा प्रश्न मला वर्षातून पाच-सहा वेळा तरी येतो, आणि विचारणारे नवखे नसतात. स्वतःचं ‘.कॉम’ किंवा ‘.इन’ सांभाळणारी, झोन फाइल हाताने लिहिणारी माणसं असतात. म्हणून डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधणारी यंत्रणा) इथे उगाळत नाही: रूटकडून टीएलडीकडे (‘.कॉम’सारखा नावाचा शेवटचा भाग), तिथून तुमच्या नेमसर्व्हरकडे. ते तुम्हाला पाठ आहे. घोळ पलीकडच्या बाजूला आहे.

.ओनियन पत्ता डोमेनसारखा दिसतो, पण तो टॉरच्या, म्हणजे ओळख लपवणाऱ्या नेटवर्कच्या, आत तयार होतो. सध्याच्या तिसऱ्या आवृत्तीत टिंबाआधी ५६ अक्षरं असतात: ३२ बाइटची सार्वजनिक किल्ली, २ बाइटचा चेकसम, १ बाइट आवृत्तीचा आकडा, आणि हे सगळं बेस३२ मध्ये (३२ चिन्हांच्या लिपीत) लिहिलेलं. शेवटी नेहमी ३ हाच आकडा येत असल्यामुळे असा प्रत्येक पत्ता इंग्रजी ‘डी’ने संपतो. हाताशी एखादा असेल तर पाहून घ्या. (जुने १६ अक्षरी पत्ते २०२१ मध्ये बंद झाले.) रजिस्ट्रार नाही, नूतनीकरण नाही, हूइज (मालकाची जाहीर नोंद) नाही. खासगी किल्ली हरवली की पत्ता गेला, कुणाकडे दाद मागायची सोय नाही. इथपर्यंत बहुतेकांना पटतं.

अडतं ते पुढच्या वाक्यावर: ‘.ओनियन २०१५ मध्ये अधिकृतपणे राखीव झालं.’ वाक्य खरं आहे, पण ऐकणारा त्याचा नेमका उलटा अर्थ घेतो. आपल्याकडे ‘राखीव’ म्हटलं की एसटीतली सीट आठवते. ती कुणासाठी तरी राखीव असते, तो आला की त्याला बसायला मिळते. मग वाटतं की .ओनियन हे टीएलडी टॉरवाल्यांना मिळालं, आता ते ‘अधिकृत डोमेन’ झालं. तसं काहीही झालेलं नाही. आरएफसी ७६८६ ने (आयईटीएफ या इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या दस्तऐवजाने) सांगितलं ते असं की, ही जागा डीएनएसमध्ये कुणालाच, अगदी टॉरलाही, कधी द्यायची नाही. ती रिकामीच राहील याची हमी, एवढाच या आरक्षणाचा अर्थ.

गोंधळाला एक कारण आहे. रूट झोनची, म्हणजे सगळ्या टीएलडींची, यादीही आयाना (इंटरनेटवरची नावं आणि आकडे सांभाळणारी संस्था) ठेवते आणि विशेष वापराच्या नावांची यादीही आयानाच ठेवते. .ओनियन दुसऱ्या यादीत आहे, .लोकल, .टेस्ट, .इनव्हॅलिड यांच्या शेजारी. पहिल्या यादीत ते नाही. रूट सर्व्हरला विचाराल तर उत्तर एकच: एनएक्सडोमेन, असं नाव नाही. बरेच जण हे पाहून ‘सेवा बंद पडली’ म्हणतात. ती बंद पडलेली नसते. तुम्ही तिची चौकशी चुकीच्या दारावर केलेली असते.

ही हमी मुळात का लागली, ते .डेव्हच्या बाबतीत दिसलं. अनेक प्रोग्रामर आपल्या संगणकापुरतं ‘काहीतरी.डेव्ह’ वापरत होते, कुणी ते राखून ठेवलेलं नव्हतं. टीएलडी गूगलला मिळालं आणि २०१७ मध्ये क्रोमने प्रत्येक .डेव्ह पत्त्यावर एचटीटीपीएस सक्तीचं केलं. कित्येकांच्या चालू साइट एका अपडेटसरशी उघडेनात. त्यांचा वेळ गेला, तेवढ्यावर भागलं. .ओनियन असं कुणाच्या हाती गेलं असतं, तर चुकून डीएनएसमध्ये सांडलेली प्रत्येक चौकशी त्या मालकाच्या नेमसर्व्हरवर पोचली असती, आणि उत्तरात आपल्याच सर्व्हरचा पत्ता देणं त्याला सहज जमलं असतं. एचटीटीपीएससाठी लागणाऱ्या प्रमाणपत्रांचाही प्रश्न होता. फेसबुकने २०१४ च्या ऑक्टोबरात .ओनियन पत्ता सुरू केला, आणि डीएनएसमध्ये नसलेल्या ‘अंतर्गत’ नावांना १ नोव्हेंबर २०१५ च्या पुढे मुदत असलेलं प्रमाणपत्र देऊ नये असा नियम आधीच लागू होता. आरएफसी निघाली त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात.

आणि हो, चौकशा सांडतात. कर्ल या डाउनलोडच्या कमांडला टॉरचा प्रॉक्सी देताना ‘सॉक्स५’ लिहिलं तर नाव शोधायचं काम तुमचाच संगणक करू पाहतो, म्हणजे डीएनएस. ‘सॉक्स५एच’ लिहिलं तर नाव जसंच्या तसं टॉरकडे जातं. फरक एका ‘एच’चा, त्यावाचून तुम्ही कोणता पत्ता उघडत होता हे तुमच्या इंटरनेट पुरवठादाराच्या रिझॉल्व्हरला (नावं शोधून देणाऱ्या सर्व्हरला) कळू शकतं. २०२३ पासून कर्लच असं .ओनियन नाव डीएनएसकडे न्यायला नकार देतं, फायरफॉक्स तर त्याआधीपासून. मला हा नकार योग्य वाटतो. त्यामुळे काहींची जुनी जुळणी मोडली हे ठाऊक असूनही.

‘.ओनियन.टू’सारखी नावं मात्र साधी डीएनएस नावं आहेत. टीएलडी तिथे ‘.टू’ आहे, आणि मधला प्रॉक्सीवाला तुमची सगळी ये-जा पाहू शकतो. त्यांना ओनियन पत्ते म्हणू नका, कृपा करून.

डीएनएसबाहेरच्या इतर यंत्रणांच्या .आयटूपी, .बिट, .ग्नू या नावांना रिकामं राहण्याची ही हमी मिळालेली नाही. २०१३ मध्ये .ओनियनसकट या सगळ्यांचा एकत्र मसुदा आला होता, पण पुढे गेलं ते एकटं .ओनियन. २०२३ मध्ये आयईटीएफने अशा पर्यायी नावांसाठी .ऑल्ट ही एक जागा मोकळी ठेवली. पण रुळलेली नावं तिकडे हलवणं सोपं नसतं. अनबाउंड हे रिझॉल्व्हर सॉफ्टवेअर .ओनियनची चौकशी मुळातच बाहेर जाऊ देत नाही, जागेवरच एनएक्सडोमेन देतं. .आयटूपीसाठी तसं नसल्यामुळे माझ्या रिझॉल्व्हरच्या कॉन्फिगमध्ये ती ओळ मी हाताने घातली आहे.